स्वीडिशांनी जाळलेलं चर्च

हासेलग्रुंड गावचं चर्च १६३४ साली स्वीडिश सैन्याने जाळलं. असं काही घडलंच नव्हतं. ते जळालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, व्हेंडेलीनच्या पणजोबाच्या पाइपातल्या ठिणगीने. पण गावाचा इतिहास लिहायला व्हेंडेलीनच बसला होता, आणि स्वीडिश लोक कुठे वाचायला येणार होते?

ते बस करून आले. माफी मागायला, नवी कोरी घंटा घेऊन. एक म्हातारी तर त्याचाच हात धरून रडली.

व्हेंडेलीनला राहवेना. तो सरपंचबाईंच्या कानाशी लागला, "उर्सुलाबाई, ती आग आमच्या पणजोबांची हो!"

"गप रे मेल्या! घंटा टांगून झाली."

दुसऱ्या दिवशी त्याने जिल्हा कचेरीत अर्ज दिला: "सदर पाहुण्यांना आमचे चर्च सन १६३४पासून पूर्वलक्षी प्रभावाने जाळण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."