अबादानचं तेल

"खोटं! साफ खोटं बोलताहेत हे!"

प्रभाकर गुरुजी बैलगाडीच्या साटीवर चढून ओरडले, तसा शाहपूरचा आठवडी बाजार गप्प झाला. समोर भरतीचं टेबल होतं. टेबलामागे साताऱ्याकडचा जमादार. इंग्रज सरकारची फौज इराणात का शिरली ते त्याने नुकतंच सांगितलं होतं. तिथे म्हणे जर्मन हेर लपलेत, बिचाऱ्या इराणी लोकांना त्यांच्यापासून वाचवायचंय. सकाळपासून चारदा सांगून झालं होतं. लोक ऐकत, मान डोलवत आणि मिरच्या निवडायला निघून जात.

टेबलाजवळ घुटमळत होता तो एकटा लीलाधर, गुरुजींचा भाचा. एकोणिसावं चालू होतं. खाकी कपड्यांनी पोराला वेड लावलं होतं. त्याचा बाप भाईदास निंबोल्याचा केळीवाला. तो चार दिवस घसा फोडत होता, की परमुलखातल्या भांडणात माझा पोरगा जाणार नाही. शेवटी पोराची आई आशाबाई बुऱ्हाणपूरला भावाकडे, गुरुजींकडे आली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "दादा, तुझं ऐकंल तो. काही करून थांबव त्याला."

गुरुजींना आयतंच कारण मिळालं. आठ महिने ते एकच गोष्ट सांगत होते. वाचनालयात सांगून झाली, न्हाव्याकडे सांगून झाली, वर्गात नकाशावर बोट ठेवून दाखवून झाली. लोक "असंल बुवा" म्हणत आणि पानाला चुना लावत. काय संताप व्हायचा त्यांचा! सूर्यासारखी लख्ख गोष्ट, आणि एकाला तिचं सोयरसुतक नाही! आज म्हटलं, भर बाजारात सांगायचं. नोकरी गेली तर गेली. बेड्या पडल्या तर पडल्या. खरं कारण कळल्यावर कोणती आई आपलं लेकरू मरायला धाडेल?

"जर्मनबिर्मन सब झूठ!" गुरुजी म्हणाले. "अबादान नावाचं गाव आहे तिथे. जमिनीखाली तेल आहे, तेल! साहेबाची कंपनी ते उपसते. सगळी फौज त्या तेलासाठी शिरली आहे. तुमची पोरं तेलासाठी मरणार, समजलं?"

लोक गाडीभोवती गोळा झाले. मिरच्यावाल्या बायासुद्धा उठून आल्या. जमादाराचा शिपाई पुढे सरकला, पण जमादाराने त्याला हाताने थांबवलं. लीलाधरने पाय मागे घेतला. आशाबाईने ते पाहिलं आणि भावाकडे बघून हात जोडले. गुरुजींना भरून आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणी त्यांचं ऐकत होतं.

"गुरुजी, थांबा जरा," निंबोल्याचा उखर्डू म्हणाला. "तेल म्हंजे आपलं घासलेट?"

"घासलेट. इंजिनचं तेलही तेच. अरे, विहिरीच्या विहिरी भरल्या आहेत तिथे!"

"विहिरी?"

तो शब्द गर्दीत मागपर्यंत गेला. बेचाळीसचा वैशाख होता. दुकानापुढे बाया घासलेटसाठी पहाटे रिकामे डबे रांगेत लावून ठेवत आणि दुपारी तसेच उचलून नेत. निंबोल्यात तर त्याहून वाईट. सात वर्षांपूर्वी गावाने विहिरींवर इंजिनं बसवली, मोटा अडगळीत टाकल्या, मोटेचे बैल विकले. आता तेलावाचून इंजिनं पोत्याखाली झाकलेली होती. मोट ओढायला शिकवलेला एक बैल गावात उरला नव्हता. विहिरीत पाणी दिसत होतं आणि बाग वाळत होती.

"मंग हे पहिले सांगायचं न भाऊ!" उखर्डू जमादारावर खेकसला. "सकाळपासून काय जर्मन जर्मन करून राह्यले?" आणि त्याने टेबलावर अंगठा पुढे केला. त्याच्यामागे निंबा उभा राहिला. निंबामागे कौतिक.

गुरुजींना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्यांनी गाडीवरून उडीच टाकली.

"अरे, वेड लागलं का तुम्हाला? ते तेल तुमच्यासाठी नाही! विमानांत जाईल, रणगाड्यांत जाईल. आठ महिने झाले फौज तिथे बसली आहे. आला का एक थेंब तुमच्या डब्यात?"

उखर्डूने शांतपणे मागे वळून पाहिलं.

"मानसं कमी पडत असतील, गुरुजी. म्हनून तं बलावतात."

गुरुजींनी कपाळावर हात मारला. रांग वाढत होती. भाईदास इतका वेळ खाली मान घालून उभा होता. त्याने लीलाधरच्या पाठीवर हात ठेवला.

"जाय," तो म्हणाला. "पन लवकर जाय. बाग आजून महिनाभर तग धरंल."

"भाईदास, तुम्ही तरी!" गुरुजी मध्ये पडले. मेहुण्याने त्यांना हळूच बाजूला केलं. लीलाधर जाऊन रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली, त्याने सही केली. घरातला पहिला शिकलेला पोरगा, सही मामानेच शिकवली होती.

आशाबाई चाकाला टेकून मटकन खाली बसली. भावाकडे न बघताच म्हणाली, "दादा, त्या लोकांचं खोटंच बरं होतं रे."

गुरुजींचे कान तापले. काहीतरी तर खरं ठरू दे, म्हणून ते टेबलाशी गेले आणि दोन्ही मनगटं जमादारापुढे धरली.

"सरकारविरुद्ध बोललो मी, भर बाजारात. घाला बेड्या."

जमादार खुर्चीतून उठला. त्याने अदबीने हात जोडले.

"गुरुजी, परवा धूलकोटचा बाजार आहे. लॉरी तुमच्या घरी पाठवू, की शाळेत?"