डाकोटाच्या शेपटीचं कापड

देवीलालने मांजरपाट कात्रीने कापलं नाही. हातानेच टर्रकन फाडलं, घडी न घालता गुंडाळलं आणि अनंतच्या पुढ्यात ठेवलं. अनंतने भाव विचारला. "भाव काय करता साहेब, घेऊन जा," असं म्हणून देवीलाल गादीवरून उठून उभा राहिला. एरवी पाव मीटरसाठी हुज्जत घालणारा हा माणूस! विमानाचं कौतुक नेर गावभर झालेलं दिसतंय, असं वाटून अनंत मनातल्या मनात फुलला.

विमान होतंच तसं. गावाबाहेरच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये तो दीड वर्षापासून डाकोटा बांधत होता. खऱ्याच्या पाव मापाचं, या पंखापासून त्या पंखापर्यंत चोवीस फूट. कापसाची ती फार वाईट वर्षं होती. शेडमध्ये कापूस येणं थांबलं होतं, आणि मालकाला तिथे कोणी झाडू मारला तरी पुरे होतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या ड्राफ्ट्समनला आणखी काय हवं? बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कापड, कापडावर खळ आणि चंदेरी रंग. आता फक्त शेपटी राहिली होती, आणि एका इंजिनाचं तोंड. ते तोंड तो मडक्यावर कागदाचा लगदा थापून करत असे, आणि आधीचं मडकं फुटलं होतं. म्हणून दोन हिरवे बांबू, सुतळी, सात मीटर पांढरं कापड आणि एक कोरं मडकं. सगळं एकदम सायकलला बांधून हा शहाणा भर बाजारातून निघाला.

लोक बाजूला झाले. एकाने डोक्यावरची टोपी काढली. विचारलं मात्र कोणीच नाही. असं सामान नेणाऱ्याला 'कोण गेलं' म्हणून विचारण्याची हिंमत, गावोगाव शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत, कोणात उरलीच नव्हती.

अर्ध्या तासाने खांद्यावर उपरणी टाकलेले वीस-पंचवीस जण शेडपाशी जमले. पुढे जिनिंगचा जुना फिटर खेमसिंग. त्याने हात जोडून विचारलं, "साहेब, कोन गेलं?" अनंत शेपटीच्या सांगाड्यात डोकं घालून बसला होता. खुलासा झाला तेव्हा काही हसले, काहींनी शिव्या घातल्या. शेडला लागूनच्या घरातून अनंतची बायको, पद्मजा, धावत आली.

"असं सामान असं नेते काय कोनी?" खेमसिंगने कपाळावर हात मारला. "अन् म्या तं मुकुटबनले फोन लावून बसलो, साहेबाच्या घरी मयत झाली म्हून. कोन गेलं ते मलेच कुठी ठाऊक होतं! भाऊ निघाले बी असतीन."

मुकुटबनला अनंतचा धाकटा भाऊ अमर शेती करत होता. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा सूर्य मावळायच्या आत व्हावं म्हणून अनंतने अमरची वाट न पाहता अग्नी दिला. अमर पोचला तेव्हा चिता निम्मी जळाली होती. बापाचं तोंड पाहू दिलं नाही, म्हणून त्या दिवसापासून त्याने भावाच्या घराची पायरी चढली नाही. वडील नागपूरच्या विमानतळावर मेकॅनिक होते, टपालाच्या डाकोटावर. दोघं भाऊ लहानपणी त्याच विमानाच्या पोटाखाली खेळले होते. हे सगळं बांधकाम अमरसाठी होतं. त्याने एकदा यावं, बघावं, दोन शब्द बोलावे. अनंतने विमानाचे फोटो दोनदा पाठवले. उत्तर आलं नाही.

पद्मजाने मोबाईल काढला. अनंतने तिचा हात धरला.

"राहू दे. येऊ दे त्याले."

"अहो, चार तास रडत येतीन ते!"

"येऊ तं दे. एकदा पाह्यलं का बोलनच तो."

तिने पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. अनंतने ऐकलं नाही. तो शेपटीला कापड चढवत राहिला आणि फाटकाकडे बघत राहिला. नऊ वर्षांत त्याला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि याची त्याला लाजही वाटत नव्हती.

पाच वाजता जीप थांबली. अमर उतरला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, डोळे सुजलेले, आवाज पार बसलेला. फाटकातूनच तो ओरडला, "थांबले न? नेलं तं नाही?" मग त्याला वहिनीच्या कपाळावरचं कुंकू दिसलं. तो जागीच थबकला. मग पंखाखाली उभा असलेला भाऊ दिसला, खळीने माखलेल्या हातांचा.

"थांबलो," अनंत म्हणाला. "बाबाच्या वेळेस चुकलो मी. आज थांबलो. हे पाहय, बाबाचं डाकोटा."

अमरने पाहिलं. विमानाभोवती एक पूर्ण चक्कर मारली. चाकाशी वाकला, पंखाच्या कडेवरून हात फिरवला. अनंतचे डोळे भरून आले. झालं, सगळं मिटलं, असं त्याला वाटलं.

"माहा नंबर होता न तुह्यापाशी?" अमरने विचारलं.

"होता."

"मंग खोटं हाय म्हून सांगाले काहून नाही लावला?"

अनंत हातावरची सुकलेली खळ खरवडू लागला. मग अमर अंगणातल्या नळाकडे गेला, नळ सोडला आणि अंगावरच्या कपड्यांसकट त्याखाली बसला. मयतीहून आलेला माणूस करतो तशी त्याने डोक्यावरून आंघोळ केली. पद्मजा टॉवेल घेऊन धावली, तर तिला शिवू न देता तो बाजूला सरकला.

"घरी सांगून आलतो, वहिनी, दादा गेला म्हणून," तो म्हणाला. "तसंच राहू द्या."