आंब्याखालची गुणगुण

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, टॉरेस सामुद्रधुनीतल्या त्या बेटावर मोयानाला सगळे अका, म्हणजे आजी म्हणत. तिच्या आंब्याखाली डासांच्या पाळतीसाठी काळी बादली टांगली होती. बादलीतलं यंत्र मादीच्या पंखांसारखं गुणगुणे, नर भुलून आत शिरत, आणि डेंगीचे डास बेटावर पोचलेत का ते कळे.

अकाची बहीण पाझिया चटई विणताना थेट याच पट्टीत गुणगुणायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. बेटाच्या रीतीप्रमाणे शनिवारी तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड उतरवायचं होतं, मग मोठी जेवणावळ. ते उतरलं की गेलेलं माणूस कायमचं जातं. तोवर अका रोज आंब्याखाली विणत बसे, तृप्त.

सकाळी डासांच्या कामावरचा नोएल आला. "अका, तुझी गवईण नेतो गं!"

"ने की. शनिवारच्या जेवणावळीत कासवाचा रस्सा मात्र मागू नकोस!"

हसतच त्यानं बादली उघडली. आठवड्याचे नर गच्च भरले होते. मग त्यानं यंत्र उलटं केलं आणि त्याचं हसू मावळलं.

"अका, गेल्या खेपेला मी बॅटरी काढली, ती परत घालायलाच विसरलो. हे आठवडाभर बंद आहे."

"मी तर रोज ऐकतेय."

आता नोएललाही ऐकू येत होतं. त्यानं बादली दूर नेऊन ठेवली. गुणगुण आंब्याखालीच राहिली.

अकानं सरकून चटईवर जागा केली.

"सगळ्यांना सांग, नोएल," ती समाधानानं म्हणाली, "शनिवारी कापड उतरवायचं नाही."

गुणगुण थोडी जवळ आली.