डावीकडे कललेला त्रिकोण

भूमितीच्या संशोधन-पत्रिकेने तपासायला पाठवलेला निनावी लेख उघडला आणि अच्युतराव पहिल्याच आकृतीपाशी अडले. त्रिकोण डावीकडे कलला होता, वाऱ्यातल्या ज्वारीच्या ताटासारखा.

त्यांची पत्नी वत्सला कॉलेजच्या फळ्यावर मुद्दाम अस्साच तिरका काढायची. "बाजू सारख्या दिसल्या, की पोरी सिद्ध न करताच सारख्या धरतात," म्हणायची. तिला जाऊनही आता वर्षं लोटली. तिच्या विद्यार्थिनी कुठे कुठे पांगल्या.

त्यांनी संपादकांना फोन लावला. "हा लेख दुसऱ्या कुणाला द्या. ओळखीतला आहे."

"पण सर, नाव तर आम्ही झाकलंय. कुणाचा आहे?"

"ते ठाऊक नाही," आकृतीवरून बोट फिरवत अच्युतराव म्हणाले. "पण आमच्या हिच्या हाताखाली शिकलंय कुणीतरी. मला त्यात चूक सापडायची नाही."