घरचा शब्द

"वू मातांदे?" दमयंतीने विचारलं आणि चंद्रकांताबाईंनी पुन्हा मान हलवली.

"क्रियापद अगदी बरोबर. पण वू म्हणजे तुम्ही. तिकडे बायको नवऱ्याला त्यू म्हणते. पुन्हा म्हणा, 'तू माझ्यासाठी थांबतोस?'"

बोईसरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधला हा शेवटचा वर्ग. कारखाना विश्रामला दोन वर्षांसाठी फ्रान्सला पाठवत होता. बायकोला न्यायचं तर तिला रोजच्यापुरतं फ्रेंच आलं पाहिजे, आणि आलं की नाही ते बाई आज सांगणार होत्या. त्या नाही म्हणाल्या, तर तो एकटाच जाणार.

टेबल ही बाई आणि पुस्तक हा बुवा, हे दमयंतीने तारापूरला चिकूच्या वाडीत पाणी सोडता सोडता घोकलं होतं. नाकातले उच्चारही जमवले होते. सगळे शब्द परके, म्हणून तोंडात बसले. हा एकच घरचा निघाला. बाई ओठांचा चंबू करून त्यू म्हणत, तिला सरळ तू ऐकू येई.

"देवाला काय म्हणता?" बाईंनी विचारलं.

"तू."

"मग?"

"देव काय आमच्या सासूबाईंचा मुलगा आहे?"

शेजारी बसलेला विश्राम खाली बघून हसला.

"आता शेवटचं," बाई म्हणाल्या. "विश्राम, तुमच्यापासून. 'तू येतेस?'"

विश्रामने दमयंतीकडे बघितलं. "वू व्हने?"

"म्हणजे तुम्हीही चुकलात?"

"चुकलो नाही, बाई. लग्न झाल्यापासून या मला अहो म्हणतायत. एकदा मीही म्हणून बघतो."

'या' ऐकून दमयंतीने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. मागे उघडं दार होतं आणि दारात त्या दोघांच्या चपला.

ती पुढे वळली. कान तापले होते. तिने उगाच पदर सारखा केला.

"त्यू मातां?" ती म्हणाली. पंख्याच्या घरघरीत जेमतेम ऐकू यावं, इतकंच.

बाईंनी पुस्तक मिटलं. "झालं. दोघांची तिकिटं काढा."

पण पाळी विश्रामची होती. पुस्तकातलं उत्तर त्याला तोंडपाठ होतं. ते काही त्याने दिलं नाही.

"थांबलोय ना," तो म्हणाला, मराठीतच.