किशोरीचा रहाट

सुंभ वळायला दोघी लागतात. एकीने रहाट फिरवायचा, दुसरीने कमरेला काथ्या बांधून तो सोडत मागे मागे जायचं. धाकटी जाऊ किशोरी शिमग्यात वारली, तरी सत्यवतीचं काम थांबलं नाही. रहाट जाळून टाक म्हणून सगळी वाडी मागे लागली, तर ही म्हणाली, "काथो माझो, रहाट माझो."

आज वाडीतला अ‍ॅल्स्टन पुण्याच्या पर्यटकांना सुंभ वळणं दाखवायला घेऊन आला. सत्यवती मागे सरकू लागली आणि समोर रहाट फिरू लागला. रहाटाजवळचा पाट रिकामा होता.

"मोटर कुठे लपवलीय?" कुणीतरी हसून विचारलं.

अ‍ॅल्स्टन सत्यवतीजवळ जाऊन पुटपुटला, "काकी, थांबव गो."

"मी खंय फिरवतंय? तिका सांग."

एक बाई फोटोसाठी पाटावर बसली. तिने दांडा धरला मात्र, आणि किंचाळली, "माझा हात सोडा!"

"सोड गो किशोरी, पावणी आसा ती," सत्यवती लांबूनच ओरडली.

बाई उठून पळाली. रहाट थांबला. पण सत्यवतीच्या हातातला सुंभ ताठ झाला आणि तिला पुढे ओढू लागला. तिने टाचा वाळूत रोवल्या.

"ओढ! माका नेवक तू एकटी पुरी पडूची नाय!"

ओढ एकदम दुप्पट झाली.

सत्यवतीने सुंभाचा वेढा मनगटाला घातला आणि उलट मागे ओढ घेतली.