खांबाजवळची जागा

संगीत नाटकात वेणीमाधवबुवांचं पद संपलं, की पिटातल्या खांबाजवळून पहिला 'वन्स मोअर' यायचा तो गिरणीतल्या महादेवप्पाचा. तीस साली सोलापुरात सत्याग्रहींची धरपकड सुरू झाली, तेव्हा तोच रंगपटात येऊन हात जोडून म्हणाला होता, "बुवा, आमची मानसं धरून नेत्यात. समदं गाव तुमचं ऐकतंय. एक शबुद बोला की!"

"अरे, आम्ही गाणारी माणसं. आमचं काम गाण्याचं," तोंडाचा रंग पुसत बुवांनी अंग काढून घेतलं.

त्याच आठवड्यात गोळीबार झाला आणि त्यात महादेवप्पा गेला.

गोळीबारानंतर गावावर लादलेला मार्शल लॉ उठल्यावर नाटक कंपनी पुन्हा सोलापुरात आली. थेटर खच्चून भरलं, पण एवढ्या दाटीतही खांबाजवळ कुणी बसेना. पहिल्याच पदाला बुवांची नजर त्या खांबाकडे गेली. पेटीवाल्याला थांबवून ते पुढे आले आणि म्हणाले, "या गावावर झाला तो सरकारचा जुलूम होता."

टाळी नाही, खोकला नाही. पहिल्या रांगेतले फौजदार तेवढे उठून उभे राहिले.


आणि खांबाजवळच्या रिकाम्या जागेवरून ओळखीचा आवाज आला, "वन्स मोअर!"